समुद्राचा पन्हा

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं.
त्यातली एक बादली गाडीला द्यायची ठरली.
रबराची चटई उचलली तर खाली वाळू,
सीटच्या फटीत वाळू,
जॅकच्या पेटीत फुटका शिंपला,
आणि धोट्याच्या कानामागे
अजून थोडं वेंगुर्लं.

धोट्या आमचा कुत्रा.
मागावरच्या धोट्यासारखाच
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, म्हणून.
कारखाना मोडला तेव्हा
माग भंगारात किलोवर गेले.
ह्याचं वजन कुणी केलं नाही,
तेवढा उरला.

मेहुण्याची ओम्नी, साठ डझन टॉवेल,
अकरा चादरी, वहीत लॉजवाल्यांचे पत्ते.
मी निघालो धंद्याला.
तो निघाला, कारण दार उघडं होतं.
आंबोलीच्या घाटात त्याला उलटी झाली,
वर्तमानपत्रावर, नीट,
अगदी समासात.

वेंगुर्ल्याला डचांची वखार.
छप्पर गेलंय. भिंतीतून झाड निघालंय.
किती गाठोडी आली, किती गेली,
सगळे हिशेब विरले.
धोट्याने एक पाय वर करून
आपली नोंद केली.

विजयदुर्गाच्या दारात रखवालदार म्हणाला,
कुत्रं आत नाही.
म्हटलं, मग मीही नाही.
तटाबाहेर बसून एक वडापाव खाल्ला,
पाव माझा, बटाटा त्याचा.
तट बाहेरूनही तेवढाच उंच असतो.

दाभोळच्या धक्क्यावर इसाक परकार.
टॉवेल उलटा करून दोरे बघत म्हणाला,
"तुमच्या घाटावरनंच कापड यायचं इथं,
बैलांच्या पाठीवर.
इथनं जहाजात, पार मक्केपर्यंत."
एवढं सांगून
डझनामागे चाळीस रुपये पाडले.
म्हटलं, चार-पाचशे वर्षांचं जुनं गिऱ्हाईक,
असू दे.

संध्याकाळी तिथून जवळच, एका मोकळ्या पुळणीवर
पट्टा सोडला.
गेला की सुसाट!
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
लाटेच्या कडेकडेने.
मी चाळीस वर्षं हेच बघितलंय,
पण कापड पुढे सरकताना.
इथं प्रत्येक ओळ पाणी उसवून नेत होतं
आणि तो पुन्हा पहिल्यापासून.
मग तहान लागली.
तोंड घातलं समुद्रात.
शिंकला, थुंकला, आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच एवढ्या पाण्यात
मीठ टाकून ठेवलं होतं.

विडी घरकुलात भूदेवी ओट्यावर,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
हात न थांबवता विचारलं,
"एन्त पेद्ददि?"
केवढा म्हणून सांगू?
हात पसरले, ते दाराच्या चौकटीला लागले.
"नुसतं मोठा मोठा काय. पन्हा सांगा."
ती मागवाल्याची मुलगी,
तिला तेच माप कळतं.
म्हटलं, एकच किनार आहे.
दुसरी दिसलीच नाही.
पुढची विडी वळून झाली. दोरा तोडला.
"मग ते कापड
कुणी घेणार नाही," म्हणाली.

ऊन उतरल्यावर
धोट्याला सिद्धेश्वर तळ्यावर नेलं.
पलीकडे भुईकोटाचे बुरूज पाण्यात उलटे,
पायऱ्यांवर चणेवाला, दोन पोरं, एक सायकल.
रोज धावत पाण्यात शिरणारा हा
आज शेवटच्या पायरीवर थांबला.
नाक नेलं, मागे घेतलं.
"गोड आहे रे," म्हटलं.
शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही.
मग जिभेच्या शेंड्याने
एक थेंब उचलला त्याने,
आणि बराच वेळ
तोंडात धरून उभा राहिला.