उघाडी

करावे गावात मीटर वाचायला पाठवणं
आमच्या खात्यात शिक्षाच समजतात.
इतर सेक्टरांत लोक बिल घेतात, शिव्या देतात, भरतात.
इथे बिल हातात धरून
अख्खी आळी एकच शब्द विचारते :
कशावरून?

मी परतूरकडचा. पाणी मोजायची नोकरी लागली
तेव्हा आई हसली होती, नसलेलं कसं मोजतात रे?
पहिली दोन वर्षं पिंपळाखाली बसून
मी सरासरीनेच आकडे लिहिले.
कुणाला कळलं नाही.
इथे मथुरा तांडेल जाळं सांधता सांधता म्हणाली,
"झाकण उघड. काटा दाखव."

मग तिनेच सांगितला हिरुजी.
शहर यायच्या आधीचा सरपंच, चौथी पास.
भरती मोजायला त्याने बांधाशी बांबू रोवला,
वितीवितीवर खाचा,
आणि अवसेच्या रात्री कंदील घेऊन
कमरेएवढ्या चिखलात उभा.
लोक म्हणत, सरपंचाला खाडी लागलीय.

खारं पाणी आत शिरायचं, भात जळायचा.
उघाडीची फळी रात्री कुणीतरी उठून पाडायची,
कुणीतरी म्हणजे, ज्याला हमखास झोप लागायची तो.
हिरुजीने मोडक्या होडीची फळी घेतली,
बिजागऱ्या वरच्या अंगाला ठोकल्या
आणि दार लोंबतं सोडून दिलं.
भरती आली की भरतीच ते दाबून मिटायची.
ओहोटीला आतलं पाणी
हलकेच ढकलून बाहेर पडायचं.
गाव पहिल्यांदा सलग झोपलं.

शेजारगावचे विचारायला आले, किती घेशील?
त्यांच्याच होडीवर कोळशाने त्याने आकृती काढली.
"दारावर तुझं नाव कोरू?"
"नाव नको. बिजागरीला तेल घाला."

पंचायतीच्या भिंतीवर दोन हिशेब असत.
एक गावाचा, एक त्याचा स्वतःचा :
सोमवारी चिडलो.
बुधवारी ऐकून न घेता बोललो.
गुरुवारी पुन्हा तेच.
निवडणुकीत विरोधकांनी तीच भिंत मोठ्याने वाचली,
आणि तो पडला.
पण जिंकलेला खुर्चीत बसतो न बसतो तोच
लोक भिंतीकडे बोट दाखवू लागले,
तुझा रकाना कुठाय?

"आणि तो शब्द? तोही त्याचाच?"
मथुरा हसली, दातात सुतळी.
तो राहीचा, त्याच्या बायकोचा.
एकदा छातीवर हात मारून तो म्हणाला होता, बांध टिकेल.
चुलीपुढून ती म्हणाली, कशावरून?
त्याच रात्री बांध फुटला.
सकाळी ओल्या धोतरानेच जाऊन त्याने भिंतीवर लिहिलं :
राहीने विचारलं होतं.

पंचायत गेली, भिंत गेली.
खाजणावर सोळा-सोळा मजले आले.
देश कुठे घडतो मला ठाऊक नाही,
आमच्या पुस्तकात तो दिल्लीत घडायचा.

परवा ड्युटी संपल्यावर
मुद्दाम पावसाळी तलावाच्या तोंडाशी गेलो.
लोखंडी झडपा आहेत,
बिजागऱ्या वरच्या अंगाला.
कंपनीचं नाव ठसठशीत कोरलंय.
तेल नाही.

बिलबुकाच्या मागच्या पानावर
एक रेघ ओढलीय मी.
शुक्रवार : दोन मीटर न बघता लिहिले.