बासष्टाव्या पानावर

माझ्या कादंबरीत प्रेत सापडतं चौथ्या प्रकरणात.
घरातला गॅस मात्र कुठल्याही प्रकरणात संपतो,
पाहुणे दारात चपला काढत असताना.

वडगावात राहते. भिंतीपलीकडे माग.
साडेदहाला खटखट थांबते, तेव्हा मी लिहायला बसते,
आणि ती थांबली की मला भीती वाटते.
हे कुणाला सांगत नाही.
खून लिहिणारी बाई घाबरते, बरं दिसत नाही.

सकाळी समोरची बसव्वा विचारते,
“इवत्तु यारन्न कोंद्री, अक्का?”
मी म्हणते, कुणालाच नाही. डाळ शिजत होती.

माझा इन्स्पेक्टर छान मराठीत जबाब घेतो,
संशयिताला चहा देतो, खिडकीबाहेर बघत थांबतो.
माझी सायकल गेली तेव्हा खऱ्या चौकीत गेले.
मी मराठीत सांगत होते, कागदावर कन्नड उतरत होतं,
मधल्या जागा हवालदार त्याच्या मनानं भरत होता.
न वाचता सही केली.
घरी येईपर्यंत एकच विचार :
त्या कागदात चोर मीच असले तर?
सायकल तिसऱ्या गेटजवळ सापडली.
कुलूप लावलेली. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

आमच्याकडे खरं रहस्य म्हणजे पाणी.
आठव्या दिवशी येतं, कधी अकराव्या.
ते ठाऊक असायचं एकट्या भरमाण्णाला,
खांद्यावर लांब लोखंडी किल्ली घेऊन फिरणाऱ्या.
बायका घागरी मांडून विचारायच्या, “आज येतंय काय?”
तो थांबायचा. किल्ली या खांद्यावरून त्या खांद्यावर.
“बघूया की.”
बत्तीस वर्षं लिहितेय,
प्रकरणाचा असा शेवट मला जमला नाही.

परवा वाचनालयात गेले.
एक विष आधी वापरलंय का, बघायचं होतं.
माझी अकरा पुस्तकं खालच्या कप्प्यात, शिवण उसवलेली.
बासष्टाव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं :
“दिवाणजीच.”
दुसऱ्यात, त्याच पानावर : “धाकटी जाऊ. नक्की.”
तिसऱ्यात : “दिवाणजीच परत.”
अकराही पुस्तकांत कुणीतरी अंदाज बांधला होता
आणि अकराही वेळा चुकला होता.
सांगायला लाज वाटते,
पहिल्यांदा आनंदच झाला.

मग तो ज दिसला.
खाली ओढलेला, गळासारखा.
असा ज मी कोपऱ्यावरच्या भिंतीवर बघितलाय,
विटेच्या तुकड्यानं लिहिलेला :
“आज नाय.”

उपाध्ये म्हणाले, जुनं रजिस्टर उंदरांनी खाल्लं.
भरमाण्णाला वाचता येतं का, बसव्वाला विचारलं.
“तारखेपुरतं,” ती म्हणाली.
पुरावा म्हणावा असा हा एवढाच.
माझा इन्स्पेक्टर एवढ्यावर कुणाला धरणार नाही.

पण मला दिसतं :
अख्ख्या गल्लीला ताटकळत ठेवून
तो टाकीच्या सावलीत बसलाय, किल्ली मांडीवर आडवी,
आणि मी त्याला ताटकळत ठेवलंय.
त्याचं गुपित दर आठवड्याला नळातून बाहेर यायचं,
माझं शेवटच्या पानावर.
आणि दोघांचं बोलणं काय, तर “येतंय काय?”

तो आता कडोलीला असतो, मुलाकडे.
हल्ली मोबाइलवर मेसेज येतो : उद्या पहाटे पाच चाळीस.
आणि पाच चाळीसला येतंसुद्धा.
कुणी कुणाला काही विचारत नाही.

बारावी कादंबरी परवा संपली.
या खेपेला खून दिवाणजीनंच केलाय.
प्रकाशक फोनवर म्हणाला, “बाई, हे तर साठ पानांतच कळतंय.”
म्हटलं, बासष्ट.
तो हसला नाही.

प्रत बांधून ठेवलीय, वर नाव अजून घातलं नाही.
कडोलीची बस साडेनऊला असते.
कंडक्टरकडे दिली तर पोचते म्हणतात.