उलटं चालणं

शिरपूरच्या गाडीतून ती एकटीच उतरली.
मे महिना. डांबराला चप्पल चिकटत होती.
मी म्हटलं, किल्ला? कबरी? दोन तास, दीडशे रुपये.
माझं इंग्रजी म्हणजे वाळूत रुतलेली नाव,
उतरून ढकलावं लागतं.

आठ कोनांच्या कबरीपाशी नेहमीचं सुरू केलं:
फारुकी राजे, त्यांचं थाळनेरातलं बस्तान,
दगडातली वेलबुट्टी, हात लावू नका,
आत टाळी वाजवा, ऐका.
तिनं टाळी वाजवली नाही.
ती माझ्या पायांकडे बघत होती.

मी उलटा चालत होतो ना.
तोंड पाहुण्यांकडे, पाठ इतिहासाकडे,
शेळ्यांच्या लेंड्या चुकवत, दगड न बघता ओलांडत.
एकोणीस वर्षांत टाचांना डोळे फुटलेत.

"तूही?" असं काहीसं म्हणाली,
आणि त्या उजाड माळावर
स्वतः उलटी चालून दाखवली तिनं,
मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून,
समोर चाळीस माणसं असल्यासारखी.
एका शेळीनं विश्वास ठेवला, मागे निघाली.

मग कडुलिंबाखाली बसलो.
तिचंही गाव नदीवरचं, जुनं, दगडी रस्त्यांचं.
दिवसाला तीन फेऱ्या, कानात यंत्रं घातलेले लोक,
हिवाळ्यात तोंडातून वाफ आणि सनावळ्या एकदमच निघतात.
सुट्टीत तिला असं गाव हवं होतं
जिथे दुसरं कुणी बोलेल.
पुलाच्या कठड्यात एक दगड आहे म्हणाली,
हात लावला की माणूस पुन्हा त्या गावी येतो.
ही गोष्ट तिनंच एका भिजक्या दुपारी
कंटाळलेल्या लोकांसाठी जागच्या जागी रचली.
आता दुसरे गाइडही तीच सांगतात.
दगड हातांनी गुळगुळीत झालाय,
आणि त्याच्यासमोरून जाताना
तिची मान आपोआप खाली जाते.

"तुझा खोटा दगड कुठला?"

मी पाण्याची बाटली सरकवली तिच्याकडे.
मग उठलो, तापीकडच्या बुरुजाशी नेलं.
अर्धा बुरुज नदीनं कधीच गिळलाय.
उरलेल्यात एक खाच आहे, मनगटाएवढी.
शाळेच्या सहलींना मी सांगतो,
इथे सुलतानाचा हत्ती बांधायचे, साखळीनं दगड कापला.
पोरं बोटं घालतात,
मास्तर वहीत लिहून घ्यायला लावतात.

हत्ती नव्हता.
पूल व्हायच्या आधी इथे बापाची नाव लागायची.
दोर इथेच बांधायचा तो, त्याच्याआधी त्याचा बाप.
पलीकडची वऱ्हाडं, केळीचे घड, अडलेल्या बाया,
एकदा एक हार्मोनियमची पेटी,
सगळं याच दोराच्या भरवशावर काठाला लागलं.
पुरानं ओढून ओढून दोर दगडात गेला.
पण दीडशे रुपये सुलतानाचे असतात,
कोळ्याच्या दोराचे कोण देईल?

"नाव?" तिनं विचारलं.
मला वाटलं, सुलतानाचं.
"बापाचं."
झिपरू, म्हणालो. झिपरू कोळी.
तिनं तीनदा म्हणून पाहिलं, झ काही जमेना,
आणि खाचेत हात ठेवला,
नाडी बघतात तसा.

साडेपाचच्या बसनं गेली.
दोनशे दिले, सुटे घेतले नाहीत.

डिसेंबरात चोपड्याच्या शाळेची सहल आली.
मी बुरुजाशी आलो, उलटाच,
म्हणालो, इथे एक माणूस नाव बांधायचा.
पोरं गप्प. कुणी बोट घातलं नाही.
मागून एक बारीक आवाज आला,
"काका, हत्तीनं सांगानं ऱ्हायनं ना!
मना भाऊनी सांगेल शे."

थांब, म्हटलं.
हत्ती अजून पलीकडच्या काठावर आहे.
झिपरू त्याला आणायला गेलाय.