वादीतर्फे

आर्वीच्या कोर्टाला आता पायऱ्या नाहीत.
बांधकाम खात्यानं दोन वर्षांमागं उतार करून दिला,
तेव्हापासून शहाण्यांची पंचाईत झाली आहे.

मी एकतीस वर्षं वादीचाच वकील.
असं काही ठरवलं नव्हतं.
पहिलं वकीलपत्र वादीचं आलं, दुसरंही,
मग फाटकाजवळचा बावणे टायपिस्ट
येणाऱ्याला विचारू लागला,
तुमचं गेलं, का तुम्ही घेतलं?
ज्यांचं गेलं त्यांना माझ्या टेबलाकडं धाडायचा.

प्रतिवादीचं बरं असतं.
परिच्छेद एक ते चौदा खोटे, सबब नाकबूल,
एवढं लिहिलं की तो चहा प्यायला मोकळा.
सिद्ध करायचं ते आम्ही.
की विहीर होती. की विहिरीपर्यंत वाट होती.
की त्या वाटेनं सासूही जायची डोक्यावर गुंड घेऊन
आणि तेव्हा कोणी हटकलं नव्हतं.
पायांचे ठसे कोणत्या निशाणीला दाखल करतात
हे सहा न्यायाधीशांपैकी एकाला तरी विचारायचं होतं,
पण बदल्या होत गेल्या.

पंचफुला ढोबळे, राहणार वाढोणा खुर्द,
वहिवाटीचा दावा, एकोणीस वर्षं.
तारखेला येताना पिशवीत अंबाडीची जुडी,
कधी जवसाची चटणी.
एका मे महिन्यात कोर्ट फीची तिकिटं
घामानं चिकटू नयेत म्हणून भाकरीच्या डब्यात ठेवली;
त्यांना तेल लागलं, नाझरानं घेतली नाहीत.
प्रतिवादी मेला, आम्ही त्याचे वारस लावले.
एक साक्षीदार मेला, दुसऱ्याला आठवेना,
तिसऱ्याला इतकं आठवलं की उलटतपासात फुटला.
माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी पेशी होती,
मी मुदतीचा अर्ज दिला.
समोरच्यानं नाकबूल केलं नाही असं ते एकच.

शेवटी हुकूमनामा झाला, दरखास्त झाली,
आणि बेलिफाच्या मोटरसायकलवर मागं बसून मी गेलो.
तोवर ती वाट मी नकाशातच पाहिली होती,
अ ब क ड, लाल शाईत.
"इतकी वर्सं भांडले साहेब, अन् पायलीच नाई?"
पंचफुलाबाई हसली. दात उरले नव्हते फारसे.

वाटेवर तरोटा कमरेएवढा.
विहीर बुजलेली, तिच्यातून बाभूळ वर आलेली.
घरात नळ येऊन सात वर्षं झालेली
हे मला त्या दिवशी कळलं.
बेलिफानं टेप धरला, नऊ फूट,
पंचनाम्यावर दोन सह्या, एक अंगठा.
मग ती काठी टेकत निघाली,
दहाएक पावलं गेली असेल,
थांबली, प्रतिवादीच्या नातवाकडं बघितलं,
अन् वळून परत आली.
"झालं. मले कुटं जायाचं होतं?
वाट नोतीच म्हणे थो."

दुपारी कोर्टात दुसरा दावा पुकारला.
सामायिक भिंत, पागोळीचं पाणी.
"वादीतर्फे?"
"हजर, साहेब," म्हणत उठलो
तर काळ्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं.
समोरचा वकील मुदत मागत होता तोवर
टेबलाआड वाकून एकेक उपटत राहिलो.
सगळी निघाली नाहीत.