मागची रांग, डावीकडून पहिली

दहीपुलाजवळ विसपुत्यांच्या स्टुडिओत
आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
नातू काउंटरखालून डबा काढतो,
डब्यात फडकं, फडक्यात भिंग:
पितळी, मुठीएवढं, लाकडी पाटीवर घट्ट बसवलेलं.
"जर्मन आहे, काकू. अकरा हजार."

घरी सागवानी कॅमेरा आहे, भाता शाबूत,
फक्त डोळा नाही.
पण मी तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये
कोऱ्या करकरीत कागदातली खोट शोधली.
जर्मन म्हटल्याने विरघळायची नाही मी.

आधी टॉर्च. मागून, तिरका.
बुरशी आहे कडेला,
कोळ्याच्या पिल्लाने जाळं विणायला घेऊन
सोडून दिल्यासारखी.
आत पांढरे ठिपके, खसखस सांडावी तसे;
त्यांनी चित्र बिघडत नाही, किंमत बिघडते.
पुढच्या काचेवर बारीक ओरखडे,
कुणीतरी वर्षानुवर्षं धोतराच्या सोग्याने पुसलंय.
पाती सगळी हलतात, तेल नाही.
मग शटर कानाशी.
एक सेकंद लावला
तर दीड सेकंद चालतो,
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, मध्ये थांबून.

नातू चहा मागवतो. म्हणतो, "नऊ."

पर्समधून ट्रेसिंग पेपर काढते.
"पाटी दाराकडे तोंड करून धर," मी सांगते, "आणि हलू नकोस."
कागदावर दहीपूल उलटा लोंबतो:
भांड्यांच्या दुकानातली पातेली, हातगाडी,
एक स्कूटर आभाळावरून निघून जाते.
मध्ये सगळं लख्ख.
उजव्या कडेला केळीवाला विरघळतो.
पाटी सरळ करते. कागद सरळ करते.
तो पुन्हा विरघळतो.
आत एखादी काच केसभर कललेली,
कधीपासून, कोण जाणे.
कागदावर उजवीकडे,
म्हणजे फोटोत डावीकडे.

आणि चहाचा कप तोंडाशी नेताना
मला हिरू कुमावत आठवते.

उंच म्हणून दरवर्षी मागच्या रांगेत, टोकाला.
पाचवी ते दहावी, सहा फोटो.
विसपुते यायचे, काळ्या कापडात शिरायचे,
आतून म्हणायचे, "श्वास रोखा."
आणि दरवर्षी फोटो आला की हिरूच्या जागी
दोन वेण्या आणि धूर.
"कुमावत, एक क्षण उभं राहवत नाही का तुला?"
बाई सगळ्यांसमोर विचारायच्या.
दहावीत ती मुठी आवळून उभी राहिली,
तळव्यावर नखांचे चंद्र उमटले होते, दाखवले तिने.
"हलले नाही गं."
मी म्हटलं, "मग काय भूत हललं?"
आणि सगळ्या हसलो, ती सोडून.
लग्न होऊन ती सिन्नरकडे गेली.
पुढचं मला माहीत नाही.

"आठ, काकू. ह्याखाली आजोबा वरून बघतील."

हे चांगलं भिंग नाही.
प्रेसमध्ये असतं तर
लाल पेन्सिलीने फुली मारून बाजूला काढलं असतं.

पाटीचे स्क्रू बघते. चारही गंजलेले,
खाचा कोऱ्या, कधी कुणी उघडलेच नाहीत.
इतकी वर्षं हे असंच बसलेलं,
एकाच बाजूला आंधळं.
सोडवून पाव वळसा दिला असता
तर खोट वर गेली असती, आभाळात.
तिथे कुणाला उभं करत नाहीत.
पाव वळसा.
चहा निवायच्या आत होणारं काम.

"स्क्रू-ड्रायव्हर आहे का रे?"
"आधी पैसे, काकू."

मोजते.
सवयीने प्रत्येक नोट
उजेडाला धरून.