बुडाचा खड्डा

भेंडीचं टोक मोडून बघायचं,
पापलेटचा कल्ला उचलून,
नारळ कानाशी हलवून.
एवढं मला येतं.
तीस वर्षं सिटीलाइटच्या बाजारात
मला कुणी फसवलेलं नाही,
एकदा हापूसवाल्यानं सोडून.

पण बाटली?
ती वाजत नाही, वास देत नाही.
गळ्यापर्यंत भरलेली,
बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसवल्यासारखी
तोंड मिटून उभी.

दुकानात बाई मी एकटीच. पिशवीत कोथिंबीर.
गल्ल्यावरचे पुजारी अदबीनं म्हणाले,
मॅडम, गिफ्ट द्यायचीय?
म्हटलं, प्यायचीय.
चौघी आहोत. मिस्किटाबाई आज रिटायर झाल्या.

त्यांनी अठराशेची काढली.
सोनेरी अक्षरं, आणि वजन
वरवंटा उचलावा तसं.
बुडाशी हात लावला तर
अंगठा पेरभर आत गेला.
हिशेब खात्यात सत्तावीस वर्षं काढलीत मी,
खड्डा दिसला की विचारते,
यातले पैसे कुठे गेले?

काही कमी होतील?
छापील किंमत आहे, मॅडम.
माहीत होतं. तरी विचारलं.
न विचारता घेतलं असतं
तर घरी जाऊन पाणी गोड लागलं नसतं.

मग आठवलं, डबा खाताना मिस्किटाबाई सांगायच्या,
त्यांची आजी मरोळला
काळ्या मनुकांची करायची, चिनी मातीच्या बरणीत,
कॉटखाली, गोणपाट गुंडाळून.
उजेड दाखवायचा नाही, म्हणायची.
आणि काचेचे पैसे द्यायचे नाहीत.
काच काय पिणार आहेस?

शिडीवरच्या पोराला म्हटलं,
ही दर्शनी फळीवरची नको, हिला दुपारचं ऊन लागतं.
आतली दे, अंधारातली.
हलकी, फिरकीच्या झाकणाची, नाशिककडची.
तो खाली वाकून हळूच म्हणाला,
मावशी, आम्ही पण हीच नेतो.
पाचशे साठ.
काळी पिशवी मी परत केली.
कोथिंबिरीशेजारी जागा होती.

रात्री स्टीलच्या पेल्यांत ओतली.
मिस्किटाबाईंनी नाकाशी नेली, एक घोट घेतला,
आणि गप्प.
आम्ही तिघी
निकालाच्या फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या.

कितीला पडली?

तीनशेला, मी म्हटलं.
तोंडातून आपसूक गेलं.
पुजाऱ्यांनी जे कमी केलं नाही
ते मीच करून टाकलं.

मग चांगली आहे, त्या म्हणाल्या,
आणि पेला पुढे केला.

परवा रद्दीवाला आला.
विचारलं, जड बाटली असती तर जास्त दिले असते का?
नाही, म्हणाला. सगळ्यांना दोन रुपये.
खड्डा असो नसो.