फुगे भरणारी

खणभागात, तेलाच्या घाण्यामागं, मगदूमांचा छापखाना.
तिथं मी फुगे भरायची.
वाढदिवसाचे नव्हेत,
चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघणारे, शेपटीवाले.
एका फुग्याला बारा पैसे,
किंचाळीला पंधरा, कारण जाड टाक लागायचा.

चित्रं बारगीर काढायचे. मिरजेहून सायकलनं यायचे,
हँडलला डबा, कॅरियरला कागदांची गुंडाळी.
महिन्याला बत्तीस पानं:
कॅप्टन उजेड विरुद्ध डॉक्टर ग्रहण.
आधी ग्रहण काढायचे ते, नेहमी.
विचारलं तर म्हणाले,
सावली कुठं पडलीय ते कळल्याशिवाय
दिवा कुठं ठेवू, पोरी?

दोघांची बोलणी मी एकाच टाकानं लिहायची.
"सोडणार नाही तुला!" हे उजेडचं.
"सोडू नकोसच!" हे ग्रहणचं.
कधी घाईत शेपट्या उलट्या लागायच्या,
याचं वाक्य त्याच्या तोंडी जायचं,
अंक तसाच बाजारात जायचा.
एकाही पोराची तक्रार आली नाही.

एक्केचाळिसाव्या अंकाला शेठ म्हणाले, मारून टाका त्याला.
दिवाळी आहे, खप होईल.
बारगीरांनी त्याला आयर्विन पुलावरून खाली सोडला.
नुसतं पाणी काढायला त्यांना दोन दिवस लागले.
शेवटचा फुगा मी रिकामा ठेवला,
शेठनी त्याचे बारा पैसे कापले.

मग उजेडला काम उरलं नाही.
बेचाळिसात त्यानं हळदीच्या पेठेत
काटा मारणारा एक अडत्या पकडला.
त्रेचाळिसात हरिपूरच्या घाटावर
गाळात रुतलेली म्हैस ओढून काढली.
चव्वेचाळिसात नुसता गच्चीवर उभा, पानभर.
पाठीवरची झूल उडतेय, आणि वारा कुठून येतोय तेच कळेना.
बारगीर म्हणाले, ह्याच्या हनुवटीखाली
काळं भरायला जागाच सापडत नाही.
तासगावच्या एका पोरानं कार्डावर लिहिलं,
उजेडकाका आजारी आहेत का?

मला तो चेहरा घरचाच होता.
आमच्या दादांचा चुलतभावाशी दावा, एका बांधापायी,
एकोणीस वर्षं.
तारखेला दोघं कवठेपिरानहून एकाच एस.टी.नं यायचे,
एक पुढं बसायचा, एक मागं.
कोर्टाच्या आवारात एकाच लिंबाखाली
पाठीला पाठ करून भाकरी सोडायचे.
तात्या गेला. त्याच्या पोरांनी बांध सोडून दिला.
पुढच्या तारखेला दादा टोपी घालून,
कागदांची पिशवी मांडीवर घेऊन सोप्यात बसले.
एस.टी. आली, गेली.
आई म्हणाली, जिंकलात की.
हो, म्हणाले. पण सांगू कुणाला?

सत्तेचाळिसाव्या अंकात ग्रहण परतला.
कसा वाचला, ते शेठनी दोन ओळींत उरकलं.
पान नऊ. पूल, रात्र, समोरासमोर दोघं.
बारगीरांनी हनुवटीखाली भरभरून काळं ओतलं होतं,
कितीक महिन्यांनी उजेडला चेहरा होता.
फुगा मोठा, मजकूर यायचा होता.
मी थांबले नाही. लिहिलं:
"कुठं होतास इतके दिवस?"

शेठ भडकले.
हा काय पाहुणा आलाय, जेवायला वाढताय त्याला?
पांढरा रंग फासून, वाळल्यावर, त्यावर मीच लिहिलं,
"थांब, नराधमा!"
जाड टाकानं.

छापखाना मोडून तीस वर्षं झाली. बारगीर नाहीत.
ते पान माझ्या ट्रंकेत आहे,
कडेला त्यांच्या अंगठ्याचा शाईचा ठसा.
परवा नातवानं फुग्यावरचा पोपडा नखानं खरवडला,
डोळे बारीक करून वाचत बसला,
आजी, हा त्याला एकदम दोन गोष्टी का म्हणतोय?
मी म्हटलं,
पैसे एकीचेच मिळाले.